डावीकडचे शून्य

शून्याला स्वतःची किंमत नाही. ते आकड्याच्या उजवीकडे बसले तर आकडा दसपट होतो आणि डावीकडे बसले तर काहीच होत नाही, हा धडा आपण सर्वांनी प्राथमिक शाळेत गिरविला आहे. पाचापुढे शून्य दिले की पन्नास. पाचामागे दिले की पाचाचे पाचच. कागदावरच्या गणितात हा नियम आजही पूर्णपणे खरा आहे. परंतु ज्या भाषांत माणूस संगणकाला आज्ञा लिहून देतो, त्यांपैकी अनेक भाषांत तो खरा नाही. तेथे डावीकडचे शून्य साऱ्या आकड्याची किंमत बदलून टाकते, आणि पुष्कळदा कोणाला न सांगता बदलते. हे कसे घडले, त्यापासून काय बिघडते आणि ते दुरुस्त करताना भाषाकारांना कोणता विचार करावा लागला, एवढाच आमच्या विवेचनाचा विषय आहे.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. नांदेडचा दूरध्वनी-संकेतांक ०२४६२ आणि लातूरचा ०२३८२. दोन्ही शून्याने सुरू होतात, दोन्ही पाच आकडी आहेत, दोन्ही मराठवाड्याचेच. तरीही संगणकाच्या हाती पडल्यावर या दोन सख्ख्या शेजाऱ्यांची गत अगदी निराळी होते.

संगणक आकडा कसा वाचतो ते आधी पाहू. आपण ‘२४६२’ हा आकडा एका दृष्टिक्षेपात ओळखतो. संगणकाला अशी एकदम ओळख पटत नाही. तो डावीकडून एकेक चिन्ह उचलतो आणि आतापर्यंत जमलेल्या रकमेला दहाने गुणून त्यात नवे चिन्ह मिळवितो. प्रथम दोन, मग दोन दाहे वीस आणि चार, चोवीस, मग चोवीस दाहे दोनशे चाळीस आणि सहा, दोनशे शेहेचाळीस, शेवटी त्याच रीतीने दोन हजार चारशे बासष्ट. गुणायचे ते दहाने, कारण आपली पद्धत दशमान आहे.

पण दहानेच गुणले पाहिजे असा काही निसर्गनियम नाही. १९५७ सालच्या एप्रिलपर्यंत आपला रुपया सोळा आण्यांचा होता. दोन आण्यांच्या नाण्याला चवली म्हणत आणि अशा आठ चवल्यांचा रुपया होई. समजा, एखाद्या दुकानदाराने वहीत रुपयांचा एक रकाना आणि चवल्यांचा एक रकाना आखून ‘२ ४’ असे लिहिले. त्याचा अर्थ चोवीस चवल्या असा होत नाही. दोन रुपये चार चवल्या, म्हणजे एकंदर वीस चवल्या. येथे गुणायचे ते आठाने. आठाने गुणण्याच्या या पद्धतीला अष्टमान पद्धती म्हणतात. तीत शून्यापासून सातापर्यंत आठच चिन्हे लागतात. आठ आणि नऊ ही चिन्हे तेथे नसतात, कारण आठ चवल्या झाल्या की त्यांचा रुपया होऊन त्या पुढच्या रकान्यात जातात.

आता संगणकाच्या इतिहासात डोकावू. १९६९ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन हे पीडीपी-७ नावाच्या यंत्रावर काम करीत होते. या यंत्राचा प्रत्येक ‘शब्द’ अठरा खुणांचा असे आणि प्रत्येक खूण शून्य किंवा एक. अठरा खुणा माणसाने ओळीने वाचणे त्रासाचे; म्हणून तीन-तीन खुणांचे सहा गट पाडीत. तीन खुणांच्या गटाची आठच रूपे होतात, म्हणून प्रत्येक गटाला शून्य ते सात यांपैकी एक अंक पुरे. अशा रीतीने त्या यंत्रावर अष्टमान पद्धत सोयीची होती. थॉम्प्सन यांनी आपल्या ‘बी’ नावाच्या भाषेत एक संकेत ठरविला : आकडा शून्याने सुरू झाला तर तो अष्टमान समजावा, एरवी दशमान. लिहायला एकच चिन्ह अधिक, आणि वापरणारे मूठभर तज्ज्ञ. त्या खोलीपुरता हा संकेत चांगलाच होता.

पुढे १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी ‘बी’मधून ‘सी’ ही भाषा घडविली आणि हा संकेत तसाच सोबत आला. एव्हाना काम पीडीपी-११ या यंत्रावर गेले होते. त्याचा शब्द सोळा खुणांचा. सोळाला तिनाने भाग जात नाही, म्हणजे मूळ सोयीचे कारण निम्मे नाहीसे झाले. पण संकेत राहिला. ‘सी’ जगभर पसरली, तिच्या वळणावर जावा, जावास्क्रिप्ट, पीएचपी अशा कित्येक भाषा निघाल्या, आणि एका खोलीतल्या मंडळींनी स्वतःच्या सोयीसाठी केलेला नियम कोट्यवधी लोकांच्या वाट्याला आला. वाडा पडला तरी उंबरठ्याला ठेच लागण्याचे थांबले नाही, अशातला हा प्रकार.

आता आपले दोन संकेतांक ‘सी’ भाषेच्या स्वाधीन करू. नांदेडचा ०२४६२ : आरंभी शून्य आहे, तेव्हा गुणाकार आठाने. दोन, दोन आठे सोळा आणि चार, वीस, वीस आठे एकशे साठ आणि सहा, एकशे सहासष्ट, एकशे सहासष्ट आठे तेराशे अठ्ठावीस आणि दोन, तेराशे तीस. नांदेडचा संकेतांक १३३० झाला! संगणक थांबला नाही, त्याने कुरकूर केली नाही, ‘आपला हेतू काय’ असे विचारले नाही. वापरणाऱ्याने बारकाईने पाहिले तरच त्याला हे कळणार.

लातूरचा ०२३८२ घ्या. दोन; दोन आठे सोळा आणि तीन, एकोणीस; आणि पुढे आठ! अष्टमानात आठ हा अंकच नाही. आजची ‘सी’ येथे थांबते आणि हा अंक चुकीचा आहे असे स्पष्ट सांगते. म्हणजे लातूरकराची चूक जागच्या जागी सापडते आणि नांदेडकराची आत दडून राहते. यात लातूरचा काही विशेष गुण नाही आणि नांदेडचा दोष नाही. एकाच्या संकेतांकात आठाचा अंक आहे, दुसऱ्याच्या नाही, एवढाच फरक.

येथेच आम्हाला या विषयाचे मर्म दिसते. चुका दोन जातींच्या असतात : बोलक्या आणि मुक्या. बोलकी चूक काम अडविते, मनस्ताप देते, पण आपला पत्ता सांगते. मुकी चूक काम सुरळीत चालू देते आणि खोटे उत्तर हाती ठेवून निघून जाते. हिशेबाच्या वहीत बेरीज जुळली नाही तर मुनीम रात्रभर शोधील. पण चुकीची रक्कम दोन्ही बाजूंना सारखीच मांडली गेली, तर वही जुळेल आणि घात होईल. भाषा दुरुस्त करायची म्हणजे मुक्या चुकांना वाचा फोडायची.

निरनिराळ्या भाषांनी लातूरच्या आकड्याचे काय केले हे पाहण्यासारखे आहे. १९७८ साली ब्रायन कर्निघन व डेनिस रिची यांनी ‘सी’वर जे प्रसिद्ध पुस्तक लिहिले, त्यात आठ आणि नऊ हे अंक अष्टमान आकड्यातही चालवून घेतले होते. त्या नियमाने एकोणीस आठे एकशे बावन्न आणि आठ, एकशे साठ. एकशे साठ आठे बाराशे ऐंशी आणि दोन, १२८२. ही सवलत १९८९ च्या प्रमाणित ‘सी’ने काढून घेतली. पीएचपी ही भाषा सातव्या आवृत्तीपूर्वी आठाचा अंक दिसताच तेथून पुढचे सगळे सोडून देई आणि तोवर जमलेले उत्तर हातावर ठेवी. लातूर झाले १९. जावास्क्रिप्टची तऱ्हा सर्वांत चमत्कारिक. तिच्या जुन्या, सैल नियमांनुसार शून्याने सुरू होणाऱ्या आकड्यात आठ किंवा नऊ आढळला तर तो आकडा दशमान समजायचा, नाहीतर अष्टमान. म्हणजे एकाच पानावर, एकाच ओळीत, लातूर २३८२ आणि नांदेड १३३०! दोन गावांना दोन मापे, आणि दुकानदार एकच.

असा घोटाळा आपल्या भागाला नवा नाही. निजामी राजवटीत मराठवाड्यात हाली सिक्का चालत असे, आणि लगतच्या इंग्रजी मुलुखातल्या रुपयाला लोक कलदार म्हणत. शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, म्हणजे सहा कलदारांना सात हाली, हा सरकारी दर. तेव्हा नुसते ‘शंभर रुपये’ म्हणून भागत नसे. शंभर कोणते, हाली की कलदार, हे दस्तऐवजात घालावे लागे. आकड्यापूर्वी एक स्पष्ट शब्द आला की वाद मिटे. कल्पना करा, ‘हाली’ हा शब्द लिहिण्याऐवजी कोणी नुसता एक ठिपका देण्याची रीत पाडली असती, आणि तो ठिपका इतर कामांसाठीही वापरला जात असता, तर किती दावे उभे राहिले असते! ‘सी’च्या शून्याने नेमके हेच केले. शून्य हे आकड्याचे चिन्हही आहे आणि ‘आठाने वाचा’ या आज्ञेचे चिन्हही.

गंमत अशी की दूरध्वनीतले डावीकडचे शून्यही आज्ञाच आहे. १९६० साली कानपूर-लखनौ मार्गावर ग्राहकाने स्वतः परगावी फोन लावण्याची सोय आपल्या देशात प्रथम सुरू झाली. संकेतांकाच्या आरंभी असलेल्या शून्याचा अर्थ ‘मला गावाबाहेर जायचे आहे’ असा. परदेशातून नांदेडला फोन लावताना भारताच्या ९१ या अंकानंतर हे शून्य गाळून २४६२ लावतात, यावरून ते शून्य गावाच्या क्रमांकाचा भाग नाही हे उघड होते. दूरध्वनी खात्याने एका अर्थाची आज्ञा दिली आणि ‘सी’ने ती दुसऱ्या अर्थाने ऐकली. दोघेही आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर; बिघाड तेवढा मधल्या माणसाच्या वाट्याला.

दुरुस्ती कशी झाली? याचे सर्वांत विचारपूर्वक केलेले उदाहरण म्हणजे पायथन ही भाषा. तिच्यातही हा जुना संकेत होता. २००७ साली तो बदलण्याचा रीतसर प्रस्ताव मांडला गेला आणि डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत तो अमलात आला. अष्टमान आकड्यासाठी नवे, स्पष्ट चिन्ह ठरले : शून्य आणि त्यापुढे रोमन ‘ओ’ हे अक्षर. सोळाने गुणण्याच्या षोडशमान पद्धतीसाठी शून्य आणि ‘एक्स’ हे चिन्ह पूर्वीपासून होतेच. त्याच वळणाचे हे भावंड. मोठ्या लिपीतला रोमन ‘ओ’ शून्यासारखाच दिसतो, ही अडचण त्या वेळीही लक्षात आली होती. छोटा ‘ओ’ लिहिला की ती बरीच टळते.

पण खरा प्रश्न पुढेच होता. नवे चिन्ह दिले. आता जुन्या रीतीने शून्य देऊन लिहिलेल्या आकड्याचे काय करायचे? सामान्य माणूस म्हणेल, तो सरळ दशमान समजावा. शाळेतला नियम परत येईल. पायथनच्या कर्त्यांनी तसे केले नाही, आणि त्याचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. युनिक्स वळणाच्या संगणकांत एखादा दस्तऐवज कोणी वाचावा, कोणी बदलावा, याची परवानगी अष्टमान आकड्यात लिहितात. जुन्या प्रोग्रॅममधला ०७५५ म्हणजे दशमानात ४९३. तोच प्रोग्रॅम नव्या भाषेने दशमान म्हणून वाचला असता, तर ४९३ चे ७५५ झाले असते, परवानग्या भलत्याच झाल्या असत्या आणि कोणाला पत्ता लागला नसता. एक मुकी चूक काढताना दुसरी मुकी चूक घातल्यासारखे झाले असते. म्हणून त्यांनी ठरविले की शून्याने सुरू होणारा असा आकडा स्वीकारायचाच नाही. आजच्या पायथनमध्ये नांदेड लिहा किंवा लातूर लिहा, ती दोघांनाही दारातच अडविते, आणि अष्टमान हवे असेल तर ‘ओ’ लावा असेही सुचविते. दोन्ही गावांना एकच न्याय मिळाला, तो असा.

इतरांनी आपापल्या परिस्थितीप्रमाणे वाट काढली. जावास्क्रिप्टला जुने नियम एकदम मोडणे शक्य नव्हते; जगातली असंख्य जुनी पाने एका दिवसात बंद पडली असती. म्हणून २००९ च्या पाचव्या आवृत्तीत तिने एक कडक शिस्तीचा प्रकार काढला. जो प्रोग्रॅम ही शिस्त मागून घेईल त्याला जुने अष्टमान वर्ज्य, बाकीच्यांना जुना सैल नियम. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीत ‘ओ’चे चिन्हही आले. पीएचपीने २०१५ च्या सातव्या आवृत्तीपासून आठाचा अंक गिळणे सोडून चूक दाखविण्यास सुरुवात केली आणि २०२१ मध्ये ‘ओ’चे चिन्ह स्वीकारले. रस्टसारख्या नव्या भाषेला जुन्या प्रोग्रॅमांचे ओझे नव्हते; तिने डावीकडच्या शून्याला आपल्या शाळेतल्याप्रमाणे निरुपद्रवी ठरविले. जुने घर दुरुस्त करणे आणि मोकळ्या जागेवर नवे बांधणे यांतला भेद येथे चांगला दिसतो.

वाचनाची रीत बदलणे किती नाजूक असते, याचा अनुभव महाराष्ट्राने २०१९ मध्ये घेतला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशीही वाचनाची रीत आली आणि राज्यभर वादळ उठले. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक मागून. लिहितो मात्र उलट. लहान मुलांची यात गफलत होते, म्हणून सोपी रीत सोबत द्यावी, अशी बाजू डॉ. मंगला नारळीकर यांनी मांडली. भाषेचा घाट मोडतो, असे विरोधकांचे म्हणणे होते. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. पण एक भेद सांगितला पाहिजे. ‘पंचवीस’ म्हणा की ‘वीस पाच’ म्हणा, ऐकणाऱ्याच्या मनात एकच संख्या उभी राहते. दोन रीती शेजारी नांदू शकतात, कारण त्यांचे अर्थ एकमेकांवर आदळत नाहीत. डावीकडच्या शून्याचे तसे नाही. तेथे लेखन एक आणि किमती दोन. म्हणून तेथे दोन्ही रीती ठेवणे हाच धोका आहे.

या सर्वांचा आपल्या रोजच्या जीवनाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. बँकेतील खात्याचा क्रमांक, परीक्षेचा बैठक क्रमांक, दूरध्वनीचा संकेतांक यांना आपण क्रमांक म्हणतो, पण गणिताच्या अर्थाने त्या संख्या नव्हेत. ओळखायची कसोटी सोपी आहे : यांची बेरीज करण्यात काही अर्थ आहे काय? नांदेड आणि लातूरचे संकेतांक मिळवून कोणत्याच गावाला फोन लागत नाही. ज्यांची बेरीज निरर्थक, ती नावे समजावीत आणि संगणकात अवतरणचिन्हांत, शब्द म्हणून ठेवावीत. मग त्यांतले एकही शून्य हलत नाही. संगणकावरच्या कोष्टकात असे क्रमांक भरताना तो रकाना आधी ‘मजकूर’ म्हणून ठरवून घ्यावा. नाहीतर कोष्टक डावीकडचे शून्य निमूटपणे पुसून टाकते, आणि शून्य गेलेला खाते-क्रमांक पुढे मूळ क्रमांकाशी जुळत नाही. पीक विम्याची किंवा शिष्यवृत्तीची रक्कम ज्या खात्यावर यायची, त्या खात्याचा क्रमांक असा कापला गेला, तर ती अडकण्याला एवढे कारण पुरते. शेतकऱ्याला किंवा विद्यार्थ्याला त्यामागचे शून्य दिसत नाही; दिसतो तो हेलपाटा.

काही क्रमांक या संकटापासून मुळातच सुरक्षित आहेत. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी आखलेली पिनकोडची योजना १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. तिच्यात पहिला अंक एक ते नऊ यांपैकीच असतो. नांदेडचा ४३१६०१ असो की लातूरचा ४१३५१२, डावीकडे शून्य येतच नाही. आधार क्रमांकही शून्याने सुरू होत नाही. ज्याला नवी क्रमांक-योजना आखायची असेल, मग ती पतपेढीची असो की ग्रंथालयाची, त्याने आरंभी शून्य येऊ देऊ नये. पुढचे पुष्कळ उपद्व्याप टळतील.

आपल्या दोन्ही गावांतून आज मोठ्या संख्येने मुले-मुली संगणकाच्या भाषा शिकत आहेत. पहिल्या दिवसांत पडद्यावर चुकीचा संदेश उमटला की ती खट्टू होतात आणि घरची माणसेही ‘याला जमत नाही’ असे समजतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, संगणक अडला आणि का अडला ते त्याने सांगितले, तर तेथे भाषेने आपले काम चोख केले आहे. अशा वेळी संदेश शांतपणे वाचावा आणि दुरुस्ती करावी. खरी काळजी घ्यायची ती सर्व काही सुरळीत चालले असताना. उत्तर मिळाले म्हणून ते बरोबर असे न मानता एखादा माहीत असलेला आकडा घालून पडताळा घ्यावा. नांदेडचा संकेतांक घालून पाहावा. ०२४६२ च परत आला तर पुढे जावे, १३३० आला तर थांबावे.